विश्लेषण : मदतीला आलेल्या क्रेननेच गाडीचे नुकसान केले, तर दुरुस्ती कोणी करायची?

मुंबईहून नाशिककडे निघालेली ऑटोमॅटिक गाडी कसारा घाटाच्या चढावर गरम होऊन बंद पडते. मालक रोडसाइड असिस्टन्सच्या क्रमांकावर फोन करतो. दीड तासाने क्रेन येते, मागची चाके उचलते आणि गाडी नाशिकच्या वर्कशॉपला नेऊन सोडते. सकाळी वर्कशॉपचा फोन येतो. कूलंटचा पाइप फाटला होता, तो बदलला. पण पुढचा बम्पर क्लिपांतून निघालाय, डाव्या फेंडरला खोल पोचा आहे आणि गाडी 'डी'मध्ये टाकली की झटका देते. मालक असिस्टन्स कंपनीला फोन करतो. कंपनी म्हणते, क्रेन आमची नाही, व्हेंडरची आहे. व्हेंडर म्हणतो, गाडी आधीच तशी होती. वर्कशॉप म्हणते, विम्यातून करून टाका.

हा प्रसंग नमुन्याचा आहे, पण टोचन लावून गाडी नेण्याची वेळ आलेल्या अनेकांना यातले एखादे तरी वाक्य ओळखीचे वाटेल. पाइपचे बिल किरकोळ आणि मदतीमुळे झालेल्या नुकसानीचे बिल त्याच्या कितीतरी पट, अशी ही अवस्था. अशा वेळी जबाबदारी कोणाची, कायदा काय सांगतो आणि 'विम्यातून करून टाका' हा सल्ला किती महागात पडतो, याचा हा आढावा.

रोडसाइड असिस्टन्स नेमके देते कोण?

वादाचे मूळ इथेच आहे. गाडीमालकाला एकच फोन क्रमांक माहीत असतो, पण त्यामागे बहुधा तीन थर असतात. पहिला थर म्हणजे ज्याच्या नावाने सेवा मिळते तो : नव्या गाडीबरोबर सेवा देणारी वाहन उत्पादक कंपनी, पॉलिसीत 'अॅड-ऑन' म्हणून ती विकणारी विमा कंपनी किंवा वार्षिक सदस्यत्व विकणारी स्वतंत्र कंपनी. दुसरा थर म्हणजे कॉल सेंटर आणि व्हेंडरचे जाळे सांभाळणारी असिस्टन्स कंपनी. तिसरा थर म्हणजे इगतपुरी, खोपोली किंवा शिरवळला दोन-तीन क्रेन बाळगणारा स्थानिक व्यावसायिक. प्रत्यक्ष गाडीला हात फक्त हा तिसरा लावतो आणि त्याच्याशी मालकाचा कोणताही थेट करार नसतो.

याखेरीज आणखी दोन प्रकार आहेत. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ या हेल्पलाइनवर फोन केल्यास त्या टप्प्याच्या टोल व्यवस्थेतील क्रेन येऊ शकते. ती गाडी रस्त्यातून बाजूला काढण्यासाठी असते; घरापर्यंत किंवा पसंतीच्या वर्कशॉपपर्यंत नेण्याची हमी तिच्यात गृहीत धरू नये. दुसरा प्रकार म्हणजे रस्त्यावर भाव ठरवून बोलावलेली खासगी क्रेन. तिथे करार थेट क्रेनवाल्याशी होतो आणि पावती नसेल, तर पुढचा सगळा वाद तोंडी राहतो. त्यामुळे 'गाडी कोणी उचलली' याच्याइतकाच 'कोणाच्या भरवशावर उचलली' हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

मदत करताना नुकसान होते कसे?

सर्वात जास्त धोका चुकीच्या पद्धतीने गाडी ओढण्यात असतो. अनेक पारंपरिक ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये तेल फिरवणारा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद असताना, गिअरबॉक्सला जोडलेली चाके रस्त्यावर फिरत राहिली, तर आतले भाग पुरेशा तेलाविना घासतात. बहुसंख्य छोट्या आणि मध्यम गाड्यांत इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना जाते. अशा गाडीची मागची चाके उचलून ती पुढच्या चाकांवर ओढली, तर नेमके हेच घडते. चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाडीची दोनच चाके उचलली, तर ताकद वाटणाऱ्या यंत्रणेवर ताण येतो. इलेक्ट्रिक गाडीत चाक फिरले की मोटरही फिरते आणि वीज तयार होऊ शकते. म्हणून अशा गाड्या चारही चाके वर घेऊन, म्हणजे फ्लॅटबेडवरूनच न्याव्यात, असे त्यांच्या ओनर्स मॅन्युअलमध्ये बहुधा लिहिलेले असते.

दुसरा धोका बांधण्याचा. फ्लॅटबेडवर गाडी शक्यतो चाकांवरून पट्टे घेऊन आवळायची असते. साखळीचा हूक सस्पेन्शनच्या आर्ममध्ये किंवा बम्परमागच्या पत्र्यात अडकवला, तर गाडी हलेल तसा तो भाग वाकतो. आधुनिक गाडीत ओढण्यासाठी वेगळी कडी स्टेपनीजवळच्या टूलकिटमध्ये दिलेली असते. ती बम्परवरचे छोटे झाकण काढून आत पूर्ण आवळावी लागते. घाईत ती अर्धीच फिरवली, तर ओढताना निसटते आणि बम्पर फाटतो.

तिसरा धोका किरकोळ वाटणाऱ्या कामांचा. बॅटरी उतरलेली असताना जम्पर केबलची टोके उलटी लागली, तर फ्यूज, अल्टरनेटरमधील डायोड किंवा कंट्रोल युनिट जळू शकते. जॅक ठरलेल्या खाचेऐवजी दुसरीकडे लावला, तर दाराखालचा पत्रा दबतो. इलेक्ट्रिक गाडीत तिथेच शेजारी बॅटरी पॅक असतो. लॉक झालेले दार पट्टी घालून उघडताना रबर आणि काचेची यंत्रणा बिघडते. यातली काही नुकसाने लगेच दिसतात. गिअरबॉक्स आणि वायरिंगची दोन-चार दिवसांनी उघड होतात. वाद बहुधा या दुसऱ्या प्रकारावरून जास्त चिघळतो.

कायदा काय सांगतो?

आधार दीडशे वर्षे जुना आहे : भारतीय करार कायदा, १८७२. एखादी वस्तू विशिष्ट कामासाठी दुसऱ्याच्या ताब्यात द्यायची आणि काम झाल्यावर ती परत घ्यायची, या व्यवहाराला कायद्याच्या भाषेत 'निक्षेप' म्हणतात. कलम १४८ मध्ये त्याची व्याख्या आहे. कपडे लॉण्ड्रीत देणे, घड्याळ दुरुस्तीला टाकणे आणि बंद गाडी क्रेनच्या हवाली करणे, हे तिन्ही याच चौकटीत बसतात. कलम १५१ नुसार, वस्तू ताब्यात घेणाऱ्याने तिची तेवढी काळजी घ्यायलाच हवी, जेवढी सर्वसाधारण शहाणा माणूस तशाच परिस्थितीत स्वतःच्या तशाच वस्तूची घेईल. कलम १५२ त्याला संरक्षणही देते : एवढी काळजी घेऊनही नुकसान झाले, तर वेगळा करार नसल्यास तो जबाबदार नाही.

म्हणजे मुद्दा काळजी घेतली की नाही, हा आहे. ऑटोमॅटिक गाडी कशी ओढायची, हे गाडीमालकाला माहीत नसणे समजू शकते. पण तोच व्यवसाय करणाऱ्याला ते माहीत असणे अपेक्षित आहे.

याला जोड मिळते ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ ची. हा कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. सेवेच्या दर्जात किंवा पद्धतीत राहिलेली उणीव म्हणजे 'सेवेतील त्रुटी', आणि निष्काळजीपणामुळे ग्राहकाचे नुकसान होणेही त्यात येते. पैसे देणाऱ्याबरोबरच, त्याच्या संमतीने सेवेचा लाभ घेणाराही ग्राहक ठरतो. त्यामुळे सदस्यत्व वडिलांच्या नावावर आणि गाडी मुलीच्या हातात असली, तरी तेवढ्या कारणावरून तक्रार उडत नाही. व्यापारी कारणासाठी घेतलेली सेवा मात्र या कायद्याबाहेर आहे. स्वतःच्या उदरनिर्वाहासाठी स्वतः टॅक्सी चालवणाऱ्याला त्यातून सूट आहे.

'ही सेवा गाडीबरोबर मोफत होती' असा बचाव उत्पादक कंपनीकडून येऊ शकतो, कारण पूर्णपणे मोफत सेवा या कायद्याच्या कक्षेत येत नाही. त्यावर ग्राहकाचे उत्तर असे, की गाडीच्या किमतीबरोबर आणि तिच्याच जोरावर विकलेली सेवा मोफत कशी? म्हणूनच गाडी घेतानाचे बिल आणि त्यासोबतची सेवापुस्तिका जपून ठेवणे उपयोगी ठरते.

'मालकाच्या जबाबदारीवर' ही अट किती टिकते?

क्रेनच्या पावतीवर किंवा अॅपमधील अटींत हे वाक्य असतेच. अशा अटीबाबत सर्वोच्च न्यायालयाचा १४ नोव्हेंबर २०१९ चा एक निकाल महत्त्वाचा आहे : ताज महाल हॉटेल विरुद्ध युनायटेड इंडिया इन्शुरन्स. ऑगस्ट १९९८ मध्ये दिल्लीतील हॉटेलात आलेल्या पाहुण्याने गाडीची किल्ली व्हॅले पार्किंगसाठी कर्मचाऱ्याकडे दिली. रात्री परत आल्यावर कळले, की गाडी कोणीतरी पळवून नेली आहे. पार्किंग मालकाच्या जबाबदारीवर असल्याचे टॅगवर छापलेले होते.

न्यायालयाने हॉटेलला जबाबदार धरले. किल्ली आणि गाडी ताब्यात घेतली, की निक्षेपाचे नाते तयार होते. गाडी होती त्या अवस्थेत परत देता आली नाही, तर आपला निष्काळजीपणा नव्हता हे दाखवण्याची जबाबदारी आधी ताबा घेणाऱ्यावर येते. आणि स्वतःच्या किंवा आपल्या कर्मचाऱ्यांच्या निष्काळजीपणातून अशी छापील अट सुटका देत नाही, हा त्या निकालाचा गाभा आहे.

तो खटला चोरीचा होता, टोइंगचा नव्हता. पण 'ताबा तुमच्याकडे होता, मग काय झाले ते तुम्ही सांगा' हे तत्त्व क्रेनच्या बाबतीतही तितकेच लागू पडते. मात्र त्याचा फायदा घेण्यासाठी गाडीमालकाला एक गोष्ट दाखवावी लागते : ताबा देताना गाडी कशी होती.

'व्हेंडरशी बोला' हे उत्तर चालते का?

सहसा नाही. गाडीमालकाने पैसे दिले, फोन केला, तक्रार क्रमांक घेतला तो ज्या कंपनीकडे, तिनेच सेवेचे वचन दिलेले असते. ते पूर्ण करण्यासाठी तिने कोणाला नेमले, हा तिचा अंतर्गत व्यवहार. काम दुसऱ्याकडून करून घेतले म्हणून मूळ वचनाची जबाबदारी संपत नाही. कंपनी ग्राहकाला भरपाई देऊन नंतर व्हेंडरकडून वसूल करू शकते. त्या वसुलीसाठी ग्राहकाला थांबवून ठेवण्याचे कारण नाही.

तरीही तक्रार करताना तिन्ही थरांना एकत्र पत्र लिहिणे शहाणपणाचे. एकाला सोडले, की उरलेले त्याच्याकडे बोट दाखवतात. अटींत 'आम्ही केवळ समन्वयक आहोत' असे लिहिलेले असले, तर या वाक्यामुळे वाद संपत नाही, पण तो लांबतो. म्हणून सेवा कोणाच्या नावाने विकली गेली याचा पुरावा, म्हणजे पॉलिसीचे पान, सदस्यत्वाचा ई-मेल किंवा अॅपमधील नोंद, आधीच काढून ठेवलेली बरी.

विम्यातून दुरुस्ती केली तर काय बिघडते?

गाडीचा सर्वसमावेशक विमा असेल, तर बाहेरून झालेल्या अपघाती नुकसानीला आणि रस्त्याने वाहून नेताना झालेल्या नुकसानीला तो संरक्षण देतो. त्यामुळे बम्पर आणि फेंडरचा दावा करता येतो. पण पैसे पूर्ण मिळत नाहीत. एक उदाहरण घेऊ.

गाडी साडेतीन वर्षांची, इंजिन १५०० सीसीच्या आत, 'झिरो डेप्रिसिएशन' नाही. बिल ४० हजार रुपये : बम्पर आणि जाळी या प्लास्टिकच्या भागांचे १६ हजार, धातूच्या फेंडरचे ८ हजार, रंगकामाचे ८ हजार आणि मजुरीचे ८ हजार. प्रमाणित पॉलिसीनुसार प्लास्टिकवर ५० टक्के घसारा, म्हणजे ८ हजारांची कपात. तीन ते चार वर्षांच्या गाडीच्या धातूच्या भागांवर २५ टक्के, म्हणजे २ हजार. रंगकामाचे एकत्रित बिल असेल, तर त्यातला पाव भाग साहित्याचा धरून त्यावर ५० टक्के, म्हणजे १ हजार. वर सक्तीची वजावट १ हजार. एकूण १२ हजार रुपये मालकाच्या खिशातून, तेही चूक त्याची नसताना.

हिशेब इथे थांबत नाही. आजवर एकही दावा केलेला नसेल, तर या गाडीला पुढच्या नूतनीकरणाला ४५ टक्के 'नो क्लेम बोनस' मिळाला असता. दावा केला, की तो शून्यावर येतो. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा हप्ता सोयीसाठी दरवर्षी १० हजार धरला, तर पहिल्या वर्षी ४,५०० रुपये जास्त जातात. त्यापुढच्या वर्षी ५० टक्क्यांऐवजी २० टक्केच सवलत मिळते, म्हणजे आणखी ३ हजार. दोन वर्षांत ७,५०० रुपये. वरचे १२ हजार मिळवले, तर ४० हजारांच्या बिलातले १९,५०० रुपये, म्हणजे जवळपास निम्मा भार गाडीमालकावर पडतो. बोनसला संरक्षण देणारे किंवा घसारा माफ करणारे अॅड-ऑन असतील, तर हा आकडा बराच खाली येतो.

म्हणून 'विम्यातून करून टाका' हा सल्ला सोयीचा असला, तरी तो चूक करणाऱ्याचा खर्च विमा कंपनी आणि गाडीमालक यांच्यात वाटून टाकतो. गाडी तातडीने हवी असेल, तर हा मार्ग घ्यायला हरकत नाही. पण मालकाने भरलेला घसारा आणि वजावट असिस्टन्स कंपनीकडे लेखी मागावी. विमा कंपनीने दिलेली रक्कम मात्र पुन्हा मागता येत नाही. दावा दिल्यावर नुकसान करणाऱ्याकडून वसुलीचा हक्क विमा कंपनीकडे जातो.

इथे एक खाचखळगा आहे. पॉलिसीच्या अटींनुसार विमा कंपनीच्या लेखी संमतीशिवाय मालकाने कोणाशी परस्पर तडजोड करू नये. क्रेनवाल्याकडून पाच हजार घेऊन 'आता काही तक्रार नाही' असे लिहून दिले आणि मग विम्याचा दावा केला, तर विमा कंपनीच्या वसुलीचा हक्क मालकानेच मोडीत काढल्यासारखे होते आणि दावा अडचणीत येतो.

गिअरबॉक्सचे काय?

खरा पेच इथे आहे, कारण बिलाचा मोठा आकडा इथेच असतो. मोटार पॉलिसीत यांत्रिक किंवा विद्युत बिघाड वगळलेला असतो. त्यामुळे गिअरबॉक्स आतून झिजला, पण बाहेरून ठोकर नाही, अशा वेळी विमा कंपनी 'हा यांत्रिक बिघाड' म्हणू शकते. गाडी वॉरंटीत असेल, तर उत्पादक म्हणू शकतो की हा निर्मितीतला दोष नाही, चुकीच्या टोइंगचा परिणाम आहे. आणि असिस्टन्स कंपनी म्हणते, गिअरबॉक्स आधीच खराब होता. तिघेही आपापल्या जागी बरोबर वाटतात आणि बिल मालकाकडे राहते.

यातून वाट काढणारा कागद म्हणजे अधिकृत वर्कशॉपचा लेखी तांत्रिक अहवाल. गिअरबॉक्सच्या तेलाची अवस्था, स्कॅनरमध्ये सापडलेले बिघाडाचे कोड, ते नोंदले गेले तेव्हाचे किलोमीटर आणि बिघाडाचे संभाव्य कारण, एवढे त्यात यायला हवे. 'चुकीच्या टोइंगमुळे' म्हणून वॉरंटी नाकारली गेली, तर तो नकारही लेखी घ्यावा. वॉरंटीच्या वादात तो मालकाच्या विरोधात जातो, पण असिस्टन्स कंपनीविरुद्धच्या तक्रारीत तोच त्याचा सर्वात भक्कम पुरावा ठरू शकतो.

क्रेनचा विमा असेलच ना?

असतो, पण त्याचा इथे उपयोग होईलच असे नाही. प्रमाणित मोटार पॉलिसीतील तृतीय पक्षाचे संरक्षण दुसऱ्याच्या मालमत्तेला आहे. विमाधारकाच्या स्वतःच्या ताब्यातील मालमत्ता त्यातून वगळलेली असते. क्रेनने रस्त्यावरच्या तिसऱ्या गाडीला धडक दिली, तर त्या गाडीला संरक्षण मिळते. क्रेनवर चढवलेली गाडी मात्र क्रेनवाल्याच्या ताब्यातली असते. ओढल्या जाणाऱ्या वाहनाच्या नुकसानीबद्दलही व्यावसायिक वाहनांच्या पॉलिसीत असाच अपवाद आहे. व्हेंडरने ग्राहकांच्या गाड्यांसाठी वेगळा दायित्व विमा घेतला असेल, तरच पैसे तिथून येऊ शकतात. तो आहे का, हे असिस्टन्स कंपनीला पहिल्याच पत्रात विचारावे.

दुरुस्ती कुठे करायची, हे कोण ठरवणार?

जबाबदारी मान्य केल्यावर कंपनी बहुधा 'आमच्या गॅरेजमध्ये करून देतो' असा प्रस्ताव ठेवते. किरकोळ ओरखड्यासाठी तो स्वीकारायला हरकत नसते. पण गाडी वॉरंटीत असेल, सेन्सर बसवलेला बम्पर असेल किंवा गिअरबॉक्सचे काम असेल, तर अधिकृत वर्कशॉपचाच आग्रह धरणे रास्त आहे. गाडी आधी होती त्या अवस्थेत आणणे हा भरपाईचा उद्देश. दुसरी वॉरंटी गमावणे हा नव्हे.

त्याच वेळी मालकानेही दोन पथ्ये पाळावीत. एक, दुरुस्ती सुरू करण्याआधी कंपनीला गाडी पाहण्याची लेखी संधी आणि ठरावीक मुदत द्यावी. बदललेले भाग सांभाळून ठेवावेत. पाहणीशिवाय घाईने केलेली दुरुस्ती नंतर 'नुकसान होते कशावरून?' या प्रश्नाला निमंत्रण देते. दोन, खर्च वाढू देऊ नये. झटके देणारी गाडी तशीच चालवली आणि गिअरबॉक्स पूर्ण गेला, तर त्या वाढीव नुकसानीचा भार मालकावर येतो. करार कायद्याचे कलम ७३ नुकसान कमी राखण्याची अपेक्षा ठेवते आणि मोटार पॉलिसीतही अपघात किंवा बिघाडानंतर तशीच गाडी चालवल्यास वाढलेले नुकसान मालकाच्या माथी येते.

तडजोड होत असेल, तर कागदावर नेमके कोणते भाग, कोणत्या वर्कशॉपमध्ये, किती दिवसांत, हे लिहून घ्यावे. गिअरबॉक्ससारखे नुकसान उशिरा दिसते. त्यामुळे 'दिसणाऱ्या नुकसानीपुरती ही तडजोड' एवढे एक वाक्य त्यात असावे.

पुरावा कोणता लागतो?

सगळा वाद 'आधी' आणि 'नंतर' यांच्यातल्या फरकाचा आहे. म्हणून क्रेन येताच, गाडीला हात लागण्याआधी चारही बाजू, चारही चाके, बम्परची खालची कड आणि डॅशबोर्डवरचे किलोमीटर दिसतील असा सलग व्हिडिओ काढावा. क्रेनचा नंबर, हूक किंवा पट्टे कुठे लावले आणि कोणती चाके वर घेतली, हेही टिपावे. दोन मिनिटांचे हे काम पुढचे अनेक महिने वाचवू शकते. मात्र एक्स्प्रेस-वेवर ते करताना लेनकडे पाठ करून उभे राहू नये. कुटुंबाला आधी बॅरियरच्या पलीकडे पाठवावे.

चालकाकडे असलेल्या फॉर्मवर गाडीच्या आकृतीत जुने ओरखडे नोंदवलेले असतात. सही करण्याआधी ती आकृती पाहावी. कोऱ्या आकृतीखाली सही करू नये. फोनवर गाडी बुक करतानाच 'ऑटोमॅटिक आहे', 'चारही चाकांना ताकद जाते' किंवा 'इलेक्ट्रिक आहे, फ्लॅटबेड पाठवा' हे सांगावे. असे कॉल बहुधा ध्वनिमुद्रित होतात. तेच वाक्य मेसेज करून ठेवावे.

गाडी उतरवताना नवे नुकसान दिसले, तर पोचपावतीवर ते लिहूनच सही करावी. मालक सोबत नसेल, तर वर्कशॉपच्या जॉबकार्डवर आवक तपासणीत ते नोंदवायला सांगावे. फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवल्यावर त्यातली वेळ आणि जागेची मूळ माहिती सहसा निघून जाते, म्हणून मूळ फाइल फोनमधून पुसू नये. टोइंग सुरू असताना क्रेनलाच अपघात झाला, तर पोलिसांकडे नोंद आवश्यक.

क्रेनवाल्याचीही बाजू असते का?

असते, आणि ती प्रत्येक वेळी खोटी नसते. गंजलेला व्हील-बोल्ट योग्य जोर लावूनही तुटू शकतो. जुनी बॅटरी जम्प स्टार्टनंतर मरते ती जम्प स्टार्टमुळेच, असे नाही. बम्पर आधीच्या ठोकरीत सैल झालेला असेल, तर गाडी चढवताना तो निघतो. पावसात, अंधारात, मागून ट्रक येत असताना घाटात गाडी उचलणाऱ्याच्या आणि शहरातल्या पार्किंगमध्ये उचलणाऱ्याच्या कामाची तुलना होत नाही. 'तशाच परिस्थितीत' हे कलम १५१ मधील शब्द यासाठीच आहेत. मालकाने गाडी ऑटोमॅटिक असल्याचे सांगितलेच नाही, हाही मुद्दा निघू शकतो. पण व्यावसायिकाने गाडीत डोकावून गिअर लिव्हर पाहायला हवे होते, हे त्यावरचे उत्तर आहे.

शिवाय कंपनीने भरपाई दिली, तरी ती शेवटी व्हेंडरच्या बिलातून आणि व्हेंडरकडून चालकाच्या पगारातून वळती होण्याची शक्यता असते. म्हणूनच आधीचे फोटो हे चालकाच्याही हिताचे आहेत. प्रामाणिक चालक ते काढायला कधी हरकत घेत नाही.

दाद कुठे मागायची?

पहिले पत्र कंपनीच्या तक्रार कक्षाला, शक्यतो नुकसान कळले त्याच दिवशी. त्यात तक्रार क्रमांक, क्रेनचा नंबर, नुकसानीची यादी, वर्कशॉपचे अंदाजपत्रक आणि १५ दिवसांची मुदत असावी. उत्तर आले नाही, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. हेल्पलाइन आदेश देऊ शकत नाही, पण कंपनीला उत्तर द्यायला लावून अनेक किरकोळ वाद तिथेच मिटू शकतात.

तिथेही जमले नाही, तर जिल्हा ग्राहक आयोग. सेवेसाठी दिलेला मोबदला ५० लाखांपर्यंत असेल, तर तक्रार जिल्हा आयोगात चालते. मोबदला ५ लाखांपर्यंत असेल, तर शुल्क शून्य. कंपनीचे मुख्यालय कुठेही असो, तक्रारदार राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. वकील सक्तीचा नाही, 'ई-जागृती' पोर्टलवरून ती ऑनलाइन दाखल होते. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची. तांत्रिक तपासणी लागत नसेल तर नोटीस मिळाल्यापासून तीन महिन्यांत आणि लागत असेल तर पाच महिन्यांत निकाल द्यावा, असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात याहून जास्त वेळ लागू शकतो. अटच अन्याय्य आहे, असे स्वतंत्र आव्हान द्यायचे असेल, तर मात्र राज्य आयोगाकडे जावे लागते.

वाद स्वतःच्या विमा दाव्याबाबत असेल, तर मार्ग वेगळा. आधी विमा कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे, मग 'बिमा भरोसा' पोर्टलवर. एका महिन्यात उत्तर मिळाले नाही किंवा ते पटले नाही, तर विमा लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. महाराष्ट्रात मुंबई, ठाणे आणि पुणे इथे लोकपालांची कार्यालये आहेत.

मग दुरुस्ती करायची कोणी?

कसारा घाटातल्या त्या गाडीकडे परत येऊ. मागची चाके उचलून ऑटोमॅटिक गाडी ओढल्याचा एक फोटो असेल, गाडी देताना बम्पर जागेवर असल्याचा व्हिडिओ असेल आणि वर्कशॉपचा अहवाल असेल, तर उत्तर स्पष्ट आहे. बम्पर, फेंडर आणि गिअरबॉक्सचा खर्च ज्या कंपनीच्या नावाने क्रेन आली, तिने द्यायचा. कूलंटचा पाइप तेवढा मालकाचा. यातले काहीच नसेल, तर कायदा तोच राहतो. पण 'गाडी आधीच तशी होती' या एका वाक्याला उत्तर देता देता मालकाची दमछाक होते.